हरलेल्या बाजूचं मशीन

खून, दरोडे, दंगली नोकरीत पुष्कळ पाहिल्या. पण निवृत्तीनंतर कोणी एखादी केस सांगा म्हटलं, की मला हटकून एक मामुली चोरी आठवते. चोरीला गेलेली वस्तू बाजारात कोणी फुकटही घेतली नसती, आणि तिच्यासाठी मी जेवढी पायपीट केली तेवढी सोन्याच्या चोरीसाठी केली नसेल. यातली माणसं आजही आपापल्या गावी आहेत, म्हणून नाव कोणाचंच सांगत नाही.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. मंगळवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवशी ठाण्यात दोनच प्रकारच्या तक्रारी येतात, खिसा कापल्याच्या आणि पिऊन भांडल्याच्या. चारच्या सुमारास कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले साठीचे एक दुकानदार आले. सगळा बाजार त्यांना आप्पा म्हणायचा. टीव्ही, मोबाईल, रिचार्ज आणि लग्नाचं शूटिंग असं त्यांचं दुकान होतं. दुपारी अर्धं शटर ओढून ते मागे घरात जेवायला गेले होते. आमच्याकडे अर्धं शटर म्हणजे मालक जेवतोय, थांबा, एवढाच अर्थ. त्याखालून वाकून आत जायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दिवशी कोणीतरी वाकून आत गेलं होतं.

आमच्या जमादारांनी विचारलं, काय काय गेलं? आप्पा म्हणाले, एक मशीन गेली. काचेच्या कपाटात नवे मोबाईल होते, गल्ल्यात पैसे होते. कशालाही हात लागला नव्हता. चोराने स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरचं, कापडाखाली झाकलेलं जुनं डिस्कचं मशीन तेवढं नेलं होतं. जमादारांना हसू आवरेना. ते म्हणाले, आप्पा, चोराला बक्षीस द्या, तुमची अडगळ कमी केली.

मी मात्र फिर्याद नोंदवायला सांगितली. भादंवि कलम ३८० लावलं, पंच बोलावून घटनास्थळाचा पंचनामा केला. चोर महागाची वस्तू नेतो तेव्हा तो कोणीही असू शकतो. टाकाऊ वस्तू नेतो तेव्हा ती ज्याला हवी असेल किंवा नको असेल, अशी माणसं बोटावर मोजण्याइतकीच असतात. तपास सोपा होतो.

मशीनची कथा आप्पांनी पंचनामा चालू असतानाच सांगितली. दहाएक वर्षांपूर्वी सिनेमाच्या डिस्कचं नवं युग आलं. चित्र थिएटरसारखं स्वच्छ, पण डिस्कचे प्रकार दोन. एक ब्लू-रे आणि दुसरी एचडी डीव्हीडी. एकीची डिस्क दुसरीच्या मशीनवर चालत नाही. मोठमोठ्या कंपन्या दोन बाजूंना उभ्या राहून भांडत होत्या. आप्पांना हैदराबादच्या बाजारात एचडी डीव्हीडीचं मशीन, डिस्क लिहायचं यंत्र आणि कोऱ्या डिस्कचा खोका एकदम स्वस्तात मिळाला. स्वस्त का मिळतोय हे त्यांनी विचारलं नाही. ती बाजू हरली होती आणि तिकडचे व्यापारी माल उपसून काढत होते, हे त्यांना गावी आल्यावर सहा महिन्यांनी समजलं. तोवर त्यांनी पाच-सहा लग्नं त्या डिस्कवर उतरवून दिली होती.

त्या घरांपैकी कोणाकडेच ते मशीन नव्हतं. मग एक पद्धतच पडली. ज्याला आपलं लग्न बघायचं असेल त्याने बायकामुलांसह आप्पांच्या दुकानात यायचं. आप्पा सतरंजी टाकायचे, मोठ्या टीव्हीवर डिस्क लावायचे आणि चहा सांगायचे. दोनेक वर्षं हे चाललं. पुढे लोकांच्या हातात मोबाईल आले, हवा तो सिनेमा हवा तेव्हा खिशातच दिसू लागला आणि सतरंजी गुंडाळली गेली.

"साहेब, आमी हरलेल्या बाजूचे," आप्पा म्हणाले. "पन जितलेली बाजू तरी आता कुठं दिसायली? तीबी गेली."

मी त्यांना एकच विचारलं, गेल्या महिन्यात या मशीनची चौकशी कोणी केली होती? आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. व्यापारी माणूस दुसऱ्याच्या घरच्या भांडणात पडायला फार भितो. शेवटी म्हणाले, एका बाईला मी शब्द दिलाय, तेवढ्यासाठीच फिर्याद दिली, नाहीतर आलोच नसतो. पंधरा दिवसांनी तिची कोर्टात तारीख होती आणि ते मशीन घेऊन आप्पांना तिथे हजर व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला जबाबासाठी बोलावलं. पस्तिशीच्या आसपासची, नायगावकडची. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी होती. बाईचा पहिला नवरा लग्नानंतर वर्षभरात वारला होता. पुढे माहेरच्यांनी या गावच्या एका बिजवराशी तिचा पाट लावून दिला. तो सोयाबीनच्या मिलमध्ये मुकादम होता. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्याला वाजंत्री नसते, पत्रिका नसते, वऱ्हाड नसतं. दहा-पंधरा माणसांत, देवळात, उरकून घेतात. हा मुकादम मात्र हौशी होता. आपल्या पाटाचं शूटिंग करायचंच असं म्हणून तो आप्पांना घेऊन गेला. लोकांनी नावं ठेवली, तरी त्याने ऐकलं नाही.

मिलच्या आवारात ट्रकखाली सापडून तो गेला, आणि दोन महिन्यांत घरच्यांचं बोलणं बदललं. थोरला दीर म्हणू लागला की ही बाई भावाकडे स्वयंपाकाला होती, लग्न वगैरे काही झालं नाही, म्हणून घरात तिचा वाटा नाही. लग्नाची नोंदणी नव्हती. रेशन कार्डावर नाव चढवायचं राहून गेलं होतं. मुलीचा जन्म माहेरी झाला आणि कागदावर बापाच्या जागी काहीच लिहिलं गेलं नाही. पाट लावणारे पुरोहित, गावचे जंगम, वारले होते, बाईचे आईवडील वारले होते. देवळात हजर असलेली बाकीची माणसं सगळी दिराच्या नात्यातली, त्यांच्या तोंडाला कुलूप. बाईने दावा लावला होता की आपण त्याची लग्नाची बायको आणि मुलगी त्याचीच, असं कोर्टाने जाहीर करावं. तिच्याजवळ पुरावा एकच होता, ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवलेली ती डिस्क. ती कोर्टात लावून दाखवायला परवानगी मिळाली होती.

"घराचं ऱ्हाऊ द्या साहेब," बाई म्हणाली. "माझ्या लेकीला साळंत बापाचं नाव इचारतेत. ती सांगते. मास्तर म्हनतेत, कागद आन."

जबाब लिहून घेताना माझ्या मनात शंका उरली नव्हती. आप्पांच्या दुकानासमोर भाजी विकणाऱ्या मावशीने उरलेलं काम केलं. बाजारात भाजीवालीइतकी पक्की खबर कोणाजवळ नसते, कारण तिला दिवसभर समोर बघत बसण्याशिवाय इलाज नसतो. तिने सांगितलं, मुकादमाचा थोरला भाऊ टॉवेलात काहीतरी चौकोनी गुंडाळून शटरखालून निघाला. तिला वाटलं, दुरुस्तीला टाकलेलं परत नेतोय.

दिराला आणलं. पंचेचाळिशीचा, अंगाने काटक, ज्याच्याबद्दल गावात कधी वावगं ऐकू आलं नाही असा शेतकरी माणूस. संशयिताशी बोलण्याची माझी पद्धत साधी आहे. आधी तासभर त्याला समोर बसवून ठेवायचं आणि आपण स्टेशन डायरी वाचायची, सह्या करायच्या, टपाल बघायचं. आणि बोलायला लागलं की अहो-जाहो करायचं. शिव्यांची तयारी करून आलेला माणूस अहो-जाहोने जास्त गडबडतो. हात उगारावा लागला की अधिकाऱ्याची अक्कल संपली असं मी समजतो, आणि माझीही दोनदा संपलेली आहे हे कबूल करतो.

तो आधी म्हणाला, मी बाजारात नव्हतोच. भाजीवालीचं सांगितल्यावर म्हणाला, भंगार समजून नेलं. मग मी फाईल मिटली.

"तुमच्या भावाचं लग्न झालंच नव्हतं म्हणता?"

"न्हाई झालं."

"मग त्या सीडीत काय असेल?"

"काय की. काय बी नसंल."

"काहीच नसतं तर कोर्टात टीव्ही कोरा दिसला असता. बाई सगळ्यांदेखत खोटी ठरली असती आणि तुमचंच काम झालं असतं. मग मशीन कशाला उचललं?"

मग त्याने पाणी मागितलं. दोन तांबे पाणी प्यायला आणि म्हणाला, चला, दावतो.

पंचांसमक्ष त्याचं निवेदन लिहून घेतलं. त्याच्या शेतातल्या विहिरीत गळ टाकून मशीन वर काढलं. पाणी गळत होतं, आत चिखल गेला होता. आप्पांनी ओळखलं आणि मान हलवली. ते आता चालणार नव्हतं, पण मला फार चिंता वाटली नाही. डिस्क शाबूत होती आणि मशीन दुसरं शोधता आलं असतं. बाईने डिस्क ठाण्यात आणून दिली. चोरीचा हेतू सिद्ध करायला ती लागणार होती, म्हणून मी ती मुद्देमालात घेतली. माझ्या हातून चूक झाली ती इथे.

आमचे मुद्देमाल कारकून नेकीचे आणि जुन्या वळणाचे. कुऱ्हाड, कळशी, दारूचा कॅन, जे येईल त्याला दोरा बांधायचा, गाठीवर तापलेली लाख ओतायची आणि सील मारायचं. डिस्कला मध्ये भोक दिसलं. त्यांनी दोरा त्या भोकातून ओवला, गाठ डिस्कवरच मारली, वर लाख ओतली आणि व्यवस्थित सील ठोकलं. मग कागदात गुंडाळून चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर मी सही केली. आत काय झालंय ते बघितलं नाही.

मशीनचा शोध आठ दिवस चालला. लातूरला कोणाला नावही ठाऊक नव्हतं. दुकानातली पोरं विचारायची, साहेब, कोणता सिनेमा पाहिजे सांगा, मोबाईलवर टाकून देतो. शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरांचा पत्ता लागला. हौशी गृहस्थ होते. त्या भांडणाच्या काळात कोण जिंकेल याचा नेम नाही म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंची मशीनं घेऊन ठेवली होती. कोर्टाची परवानगी घेऊन, दोन पंच आणि जमादारांना सोबत घेऊन मी नांदेड गाठलं. दोन्ही मशीनं टीव्हीखाली शेजारी शेजारी ठेवलेली, दोन्हींवर धूळ. डॉक्टर म्हणाले, पाच वर्षांत चालू केलं नाही, आता सगळं नेटवरच बघतो. त्यांनी तार जोडली, हिरवा दिवा लागला. मी पाकीट फोडलं.

लाख डिस्कच्या चकचकीत बाजूवर रुपयाएवढी पसरली होती आणि खालचं प्लास्टिक पोळून वाकडं झालं होतं. डॉक्टरांनी लाख नखाने हळूहळू सोडवली, डिस्क पुसली, लावून पाहिली. मशीन थोडा वेळ घरघरलं आणि त्याने डिस्क बाहेर दिली. तीनदा लावली, तीनदा बाहेर आली. चोराला जे करायचं होतं ते मी सरकारी सील मारून पुरं केलं होतं. परतीच्या वाटेवर लोहा गावात चहाला थांबलो, तेव्हा जमादार म्हणाले की कारकुनावर टाका साहेब, त्याचा अहवाल पाठवा. चिठ्ठीवर सही माझी होती. मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली असेल.

आप्पांकडे एक आशा उरली होती. बाकीच्या लग्नांची झलक त्यांनी धंद्याच्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकलेली होती आणि ती अजूनही कोणालाही दिसत होती. ही एकच टाकली नव्हती. पाटाचं लग्न, बाईमाणसाचा बोभाटा नको, लोक काय म्हणतील, म्हणून त्यांनी ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. मूळ शूटिंगच्या कॅसेटवर पुढे दुसरं लग्न घेतलं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चांगुलपणानेच केलं होतं, आणि म्हणून मला त्यांना काही बोलता येईना.

बाईला मी घरी जाऊन सांगितलं. ठाण्यात बोलावून सांगायची हिंमत झाली नाही. चोराने नाही, आमच्याकडून खराब झाली, असं स्पष्ट सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही. चुलीवरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आता कोर्टात काय दावू साहेब?" एवढंच म्हणालो की चोरीची कागदपत्रं घेऊन मी स्वतः हजर राहीन.

तारखेला आधी आप्पांनी शूटिंग आपणच केल्याचं सांगितलं, पण कागद नाही, डिस्क नाही, म्हणून दिराच्या वकिलांनी ते उडवून लावलं. मग तिच्या वकिलांनी मला साक्षीला उभं केलं. मी फिर्याद सांगितली, विहिरीतलं मशीन सांगितलं, आणि डिस्क आमच्या सीलने बिघडली हेही सांगितलं. खाली बसलेल्या वकिलांत कुजबुज झाली. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. चालतं ते एवढंच, की त्याने दाखवलेल्या जागी वस्तू सापडली. त्यावरून कोर्टाने काय समजायचं ते कोर्टाचं काम.

मग दीर पिंजऱ्यात आला. तो जामिनावर होता. त्याच्या वकिलांनी त्याला पढवून आणलं होतं आणि पहिले चार-पाच प्रश्न त्याने नीट निभावलेही. न्यायाधीश बाई होत्या. त्या बराच वेळ कागद चाळत होत्या. त्यांनी मध्येच विचारलं, ही डिस्क तुम्ही स्वतः कधी पाहिली होती का?

तो नाही म्हणाला असता तर कोणाला काही सिद्ध करता आलं नसतं. डिस्क आता जगात कोणालाच दिसणार नव्हती, हे माझ्या साक्षीतून त्याला कळलं होतं. त्याने समोर बघितलं. शेवटच्या बाकावर त्याची भावजय बसली होती आणि शेजारी ती मुलगी.

"बघितली," तो म्हणाला. "आप्पाच्या दुकानात. भावानं नेलं हुतं समद्यांला."

त्याचे वकील उठले, न्यायाधीशांनी त्यांना बसवलं. काय दिसलं त्यात, असं विचारलं. आणि तो सांगू लागला. तळ्याकाठचं महादेवाचं देऊळ. जंगमांच्या मागे उभी असलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन. हिरवी साडी. भावाने हौसेने फेटा आणला होता, पण बांधता कोणालाच येत नव्हता. तो दोनदा सुटला आणि नवरदेव सुटलेला फेटा काखेत धरून हसत बसला.

"तिसऱ्यांदा म्या बांधला," तो म्हणाला. "त्या सीडीत म्याच दिसतो साहेब, फेटा बांधताना. त्येच्यापायी मशीन नेली."

कोर्टात पंखा फिरत होता. कारकून लिहीत होता. मुलगी पुढे सरकून बाकाच्या कडेवर बसली होती आणि तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी नोकरीत शेकडो साक्षी ऐकल्या. पण एवढ्या लक्षाने ऐकणारं माणूस मी कोर्टात दुसरं पाहिलं नाही.

कामकाज संपल्यावर दीर व्हरांड्यात खाली मान घालून बसला होता. मुलगी आईचा हात सोडून त्याच्याजवळ गेली. बाईने तिला अडवलं नाही.

"फेटा बांधल्यावर पप्पा काय म्हनले?" तिने विचारलं.

त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हनला, लई घट्ट नगं दादा, डोकं दुखतंय."

मुलगी हसली. तो रडायला लागला. मी तिथून बाजूला झालो, कारण माझंही ठीक नव्हतं.

निकाल बाईच्या बाजूने लागला. चोरीच्या खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. कारकुनाचा अहवाल मी पाठवला नाही, माझा पाठवला. त्याबद्दल एक ताकीद माझ्या सेवापुस्तकात लागली आणि ती योग्यच होती.

या केसने मला काय शिकवलं, असं पुढे प्रशिक्षणाला आलेली पोरं विचारत. आम्ही पोलीस वस्तूच्या मागे धावतो, कारण वस्तू उलटतपासणीत फिरत नाही. पण वस्तू विहिरीत पडते, लाखेने पोळते, तिचं मशीन बनवणारे ते बनवायचं सोडून देतात. शेवटी जे पाहिलं ते सांगायला माणूसच लागतो, आणि तो गुन्हेगारही असू शकतो. म्हणून समोर बसलेल्या माणसाला, तो कोणीही असो, खरं बोलायला जागा ठेवा, असं मी त्यांना सांगत असे. त्यातल्या किती जणांनी ऐकलं कोण जाणे.

निकालानंतर महिनाभराने बाई ठाण्यात आली, कोर्टाचा मुद्देमाल परत देण्याचा हुकूम घेऊन. शाळेत मुलीपुढे बापाचं नाव लागलं म्हणून पेढे आणले होते. जमादारांनी सुपूर्दनाम्यावर तिचा अंगठा घेतला आणि मी ती वाकडी झालेली डिस्क तिच्या हातात दिली. राहवलं नाही म्हणून विचारलं, ताई, ही आता कुठेच चालणार नाही, नेऊन काय करणार?

तिने डिस्क पदरात गुंडाळली.

"लेकीसाठी नेते," ती म्हणाली. "आता ठाव हाय की तिला, ह्यात काय हाय ते."